नेमकी सुटका कशापासून?

आमच्या कट्ट्यावर कोणाची पगारवाढ झाली की बाकीच्यांनी अभिनंदन करावे आणि विषय तेथेच संपावा, असा शिरस्ता आहे. या वेळी तो मोडला, कारण ज्याला वाढ मिळाली त्यानेच वादाला तोंड फोडले. हा मित्र एका अभिलेखागारात जुन्या दस्तऐवजांच्या जतनाचे काम करतो. जीर्ण कागदाचे तुकडे जुळवणे, फाटलेल्या कडांना पातळ जपानी कागदाचा आधार देणे, शाई पसरणार नाही याची खात्री करून घेतल्यावरच पान ओले करणे, यात त्याचा दिवस जातो आणि त्याविषयी तो इतक्या उत्साहाने बोलतो की आम्हाला अनेकदा त्याला आवरावे लागते. वाढीचे पत्र हाती पडल्यावर आनंदाच्या आधी हायसे वाटले, असे तो म्हणाला. आनंद मागाहून आला आणि तोही बेताचाच. काम आवडीचे असताना पैसे वाढल्यावर हायसे का वाटावे, यावर मग बराच वेळ खल झाला.

कामगार संघटनेत उमेदवारी केलेल्या मित्राचे मत ठाम होते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हायसे वाटणे हाच मुळी तक्रारीचा पुरावा आहे. ज्याला आपल्या श्रमाचा मोबदला रीतसर मिळतो, तो पगार जमा झाल्यावर सुटकेचा निःश्वास टाकत नाही. टाकत असेल, तर त्या ठिकाणी पगार वेळेवर होत नसावेत असे खुशाल समजावे. मालकाने आधी टांगणीला लावायचे आणि मग खाली उतरवल्याबद्दल आपण कृतज्ञ व्हायचे, हा व्यवहार त्याला मान्य नव्हता.

हिशेबनीस मैत्रिणीने मात्र तक्रारीपेक्षा आकड्यांना हात घातला. महागाई दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत असेल आणि पगार पाच वर्षे जागचा हलला नसेल, तर त्या पगाराची क्रयशक्ती जवळपास चतुर्थांशाने घटलेली असते, हे तिने बोटांवर मोजून दाखवले. अशा वेळी ७ टक्के वाढ मिळाली, तरी त्या वर्षाची महागाई वजा जाता प्रत्यक्षात पदरात एक टक्काही पडत नाही आणि मागची तूट आहे तशीच राहते. तेव्हा या मित्राला झालेला आनंद बेताचा होता, यात तिला काहीच नवल वाटले नाही. बुडणे तूर्त थांबले, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, असे ती म्हणाली. गणित बिनचूक होते, परंतु मित्राचे समाधान त्याने झाले नाही. पत्र वाचताना आपण टक्केवारी पाहिलीच नव्हती, ती घरी गेल्यावर पाहिली, असे त्याने सांगितले.

मानसशास्त्र शिकवणारे आमचे सर तोवर गप्प होते. त्यांनी एक वेगळीच शंका काढली: पैसा वाढला की आवड कमी होण्याचा धोका असतो. एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. ज्यांना एका सत्रात प्रत्येक कोड्यामागे पैसे मिळाले आणि नंतरच्या सत्रात ते बंद झाले, त्यांनी मोकळ्या वेळात कोड्यांना हात लावणे कमी केले. सरांचा रोख असा की, जे काम केवळ गोडीने होत होते, त्याला दर लागला की मन त्या दराकडे पाहू लागते. यावर मैत्रीण म्हणाली, “सर, पण याला कुठे पानामागे पैसे मिळतात? वाढलाय तो महिन्याचा पगार.” सरांनी हे प्रामाणिकपणे मान्य केले, कामाच्या नगांशी न जोडलेल्या मोबदल्याने गोडी तशी घटत नाही, असे डेसी यांनाच पुढील वर्षी आढळले होते, हेही त्यांनी सांगितले. (सर वादात हरले की पुरावा स्वतःच पुरवतात, म्हणून त्यांच्याशी वाद घालायला बरे वाटते.)

त्याच ओघात त्यांनी प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास सांगितला आणि चर्चेला खरी दिशा तेथून मिळाली. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्पसन यांचा हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आपला जन्म याच कामासाठी आहे असे ज्या कर्मचाऱ्यांना वाटत होते, त्यांना काम अधिक अर्थपूर्ण वाटत होतेच; पण तेच लोक कमी पगार सोसायला आणि स्वतःचा वेळ खर्ची घालायलाही अधिक तयार होते, आणि व्यवस्थापन आपल्या या ओढीचा फायदा घेईल अशी धास्तीही त्यांच्या मनात होती. संघटनेवाल्या मित्राने हा मुद्दा लगेच उचलला. काम मनापासून आवडणाऱ्या माणसाला बिनपगारी जादा काम सांगणे लोकांना अधिक रास्त वाटते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आल्याची पुस्ती सरांनीच जोडली. म्हणजे आवड ही जणू पगाराचाच एक भाग मानली जाते आणि तेवढी रक्कम कोणी न सांगता कापून घेते.

येथे पगारवाढ मिळालेला मित्र प्रथमच सविस्तर बोलला. कापून घेतलेल्या रकमेचा आपल्याला फारसा राग नव्हता, असे तो म्हणाला. जाच होता तो रोजच्या समर्थनाचा. खर्चाचा कोणताही प्रश्न निघाला की त्याच्या कामाची आवड आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहत असे. घरच्यांनी तोंडाने काही म्हटले नाही, तरी आपल्या आनंदाची किंमत ते मोजत आहेत, ही जाणीव त्याची पाठ सोडत नव्हती. दुसरीकडे अर्ज करण्याची तयारी त्याने केली होती, आणि ते काम जुन्या कागदांचे नव्हते. टेबलावर पान पसरलेले असतानाही, हे आणखी किती दिवस करता येईल, हा विचार डोके वर काढत असे.

माझ्या मते वादाचे उत्तर या बोलण्यात होते. नावडत्या नोकरीत पगार वाढतो तेव्हा माणूस त्या नोकरीत थोडा अधिक अडकतो. आवडत्या नोकरीत तो वाढतो तेव्हा सोडून जाण्याची सक्ती पुढे ढकलली जाते, आणि हायसे वाटते ते त्यामुळे. त्या रकमेने काय विकत घेता येईल, हा विचार दुय्यम असतो. जे आधीपासून हातात आहे ते सोडावे लागणार नाही, ही वार्ता आधी पोहोचते. संघटनेवाल्या मित्राचे म्हणणे मला पटते, पण अर्धेच. टांगणी खरी होती आणि ती अन्यायाची होती. परंतु त्यातून सुटल्याची भावना म्हणजे लाचारी नव्हे.

सरांनी याला आणखी एक आधार दिला. तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांची कापणीपूर्वी आणि कापणीनंतर आकलनशक्तीची चाचणी घेण्यात आली, तेव्हा हाती पैसा आल्यावर त्याच शेतकऱ्यांची कामगिरी सुधारलेली दिसली. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. पैशाची विवंचना मनाची जागा अडवते, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. मित्राला तो लगेच पटला. पत्र मिळाल्यानंतर आपण एकदाही मान वर न करता एक अख्खे पान जुळवले, असे तो म्हणाला.

हिशेबनीस मैत्रिणीचे समाधान अजून झाले नव्हते. तिने त्याला कार्यालयात दोन प्रश्न विचारायला सांगितले: वाढ मूळ वेतनात धरली आहे की ती एकवेळची रक्कम आहे, आणि याच पदावर आज नव्याने रुजू होणाऱ्याला किती पगार मिळतो. काम आवडणारी माणसे एका जागी टिकतात, टिकणाऱ्यांना वार्षिक वाढीवर समाधान मानावे लागते, आणि नव्यांना मात्र बाजारभावाने घ्यावे लागते, त्यामुळे जुन्या माणसाचा पगार नव्याच्या मागे पडणे अनेक ठिकाणी घडते, असे तिचे म्हणणे होते.

पहिला प्रश्न आपण नक्की विचारू, असे मित्राने कबूल केले. दुसऱ्याला तो राजी होईना. सरांनी त्याची बाजू घेतली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कर्मचाऱ्यांना सहकाऱ्यांचे पगार पाहण्याची सोय असल्याचे कळवण्यात आले, तेव्हा ज्यांचा पगार बरोबरीच्यांच्या मधल्या पगारापेक्षा कमी होता त्यांचे समाधान घटले, आणि ज्यांचा अधिक होता त्यांचे काही वाढले नाही. मग विचारून मिळवायचे काय, असा सरांचा सवाल होता.

“ज्यांचं समाधान घटलं, ते दुसरी नोकरी शोधायला लागले की नाही?” संघटनेवाल्याने विचारले.

“शोधण्याचा त्यांचा कल वाढला खरा,” सर म्हणाले.

“अरे, मग विचार ना! तुला सोडून जायचं नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तू जाऊ शकतोस, हे कुठे ठाऊक आहे?”

मित्राने यावर बराच विचार केला आणि आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर येऊ द्या, असे म्हणून त्याने तो विषय लांबणीवर टाकला.