बँकॉकमध्ये अडीचकी

बँकॉकच्या सहलीतला एक शनिवार मी भांडून मोकळा ठेवून घेतला होता. देवळे, राजवाडा आणि नदीतली फेरी इतर दिवसांच्या गळ्यात मारून या दिवशी फक्त बाजार हिंडायचे, काही आवडलेच तर घ्यायचे आणि नाही आवडले तर नुसते बघायचे, इतका तो साधा बेत होता. त्याला सुरुंग लावला तो अडीचकीने.

आम्ही गेलो तेव्हा थायलंडच्या एका बातला साधारण अडीच रुपये पडत होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे छडीच्या धाकाने पाठ करणाऱ्या पिढीतले आमचे हे शेवटचे शिलेदार. अडीचकी इतकी चोख येत असून तिचा कुठे म्हणून उपयोग झाला नाही, ही खंत त्यांनी बँकेतून निवृत्त होईपर्यंत उराशी बाळगली होती. तिचे सोने व्हायला बँकॉक उजाडावे लागले.

मो चित स्थानकावर उतरून गर्दीमागून चालत राहिले की चतुचकचा बाजार आपसूक येतो. 27 विभाग आणि सुमारे 15,000 गाळे असलेला हा बाजार पूर्ण भरतो तो शनिवारी आणि रविवारी. 1942 साली, गावोगाव असे बाजार भरावेत या सरकारी धोरणातून त्याचा जन्म झाला. पुढे बरीच वर्षे तो राजवाड्याजवळच्या सनाम लुआंग मैदानावर भरत असे आणि 1982 मध्ये आताच्या जागी आला. मध्यभागी घड्याळाचा मनोरा आहे. राजे भूमिबोल यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त 1987 साली तो उभारला गेला. चुकामूक झाली तर मनोऱ्यापाशी भेटायचे, असे आम्ही आत शिरतानाच ठरवले. हा ठराव अगदीच अनावश्यक ठरला, कारण हरवण्यासाठी माणसाने निदान पुढे तरी सरकावे लागते. आमचे हे पहिल्याच गल्लीत प्रत्येक गाळ्यापुढे थांबून, वस्तूकडे ढुंकूनही न पाहता, फक्त किमतीची पाटी वाचत होते. "साठ म्हणजे दीडशे. ऐंशी म्हणजे दोनशे. एकशे चाळीस म्हणजे साडेतीनशे, आणि हे तुळशीबागेत दोनशेला मिळतं!" चिनी मातीच्या इवल्याशा वाट्या, वेताच्या पिशव्या, सुगंधी साबणाची कोरीव फुले, सगळे या चरकातून पिळून निघाले. ज्या वाटीची किंमत तुळशीबागेशी जुळली नाही ती मी खाली ठेवायची, असा अलिखित नियमच झाला. तुळशीबागेत त्या वाट्या मुळात मिळतच नाहीत, हा माझा मुद्दा गणितात बसत नसल्यामुळे फेटाळला गेला.

दुपारी बाराच्या सुमारास उकाड्याने जीव नको झाला, तेव्हा मी नारळाचे आइस्क्रीम घेतले. अर्ध्या करवंटीत, आतल्या कोवळ्या खोबऱ्यावरच आइस्क्रीमचे गोळे ठेवतात आणि वरून भाजलेले शेंगदाणे भुरभुरतात. कोकणातल्या माणसाला हे आजवर कसे सुचले नाही, याचे मला खरोखर नवल वाटते. पहिला चमचा तोंडात जातो न जातो तोच शेजारून आवाज आला, "सव्वाशे रुपयांची करवंटी!" त्यानंतरचे आइस्क्रीम मी पाठ फिरवून खाल्ले.

खरा प्रसंग घडला तो हत्तीच्या छापाच्या सैल विजारींच्या गाळ्यावर. तिथे भाषेची अडचण कॅल्क्युलेटरने सोडवलेली असते: विक्रेती आकडा टाकून यंत्र आपल्यापुढे धरते, आपण आपला आकडा टाकायचा आणि यंत्र परत करायचे. बाईंनी 120 टाकले. यांनी डोळे मिटून त्याचे तीनशे रुपये केले, चेहरा कमालीचा दुःखी केला, रास्त भाव अडीचशेच होतो असे मला मराठीत सुनावले आणि मोठ्या करारीपणाने यंत्रावर 250 टाकले. बाईंनी आकड्याकडे पाहिले, यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. विकणाऱ्याने मागितल्याच्या दुपटीहून जास्त देण्यासाठी हट्टाला पेटलेले गिऱ्हाईक त्यांना बहुधा प्रथमच भेटले असावे. मनात आणले असते तर त्यांना ते पैसे निमूट घेता आले असते. त्यांनी मात्र हसत हसत आकडा पुसला, पुन्हा 120 टाकले आणि आणखी दया येऊन त्याचे 100 केले. "बघितलंस? घासाघीस अशी करायची असते," हे गाळ्याबाहेर आल्यावर म्हणाले.

तिथून मेट्रोने साम योत स्थानक गाठले आणि सांपेंगच्या गल्लीत शिरलो. 1782 मध्ये नव्या राजवाड्यासाठी जागा मोकळी करून द्यावी लागलेली चिनी वस्ती याच भागात येऊन स्थिरावली. गल्ली इतकी अरुंद की समोरून ढकलगाडी आली की माणसाने दुकानातच शिरावे, आणि शिरले की खरेदी ठरलेलीच. इथला भाव घाऊक आणि डझनावर, त्यामुळे अडीचकीला आता बाराच्या पाढ्याची जोड मिळाली. एक नग महाग आणि डझन स्वस्त, या सिद्धांतापुढे हात टेकून यांनी केसांच्या चिमट्यांचे दोन डझन घेतले. आम्हाला मुलगा एकच, आणि त्याला टक्कल पडू लागले आहे.

सांपेंग संपता संपता फाहुरात लागते. ही भारतीयांची कापडपेठ. जवळच गुरुद्वाराचा सोनेरी घुमट दिसतो आणि बरेचसे दुकानदार शीख आहेत. एका दुकानात मला फिकट जांभळे रेशमी कापड आवडले. सरदारजींनी आम्हाला पाहताक्षणी हिंदीत खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि आपणहून भाव सांगितला, "आपके लिए, तीन मीटर, 1,130 रुपये."

रुपये! दिवसभर परजलेले शस्त्र यांच्या हातून कोणी काढून घ्यावे तसे झाले. रुपयांत सांगितलेला भाव खरा कशावरून? रुपयाचा दर त्यांनी कुठला धरला? म्हणजे मूळचे बात किती? पण अडीचने गुणण्याचा पाढा पाठ असला तरी भागण्याचा पाढा शाळेत कोणी घोकून घेतला नव्हता. यांनी कागद मागितला. सरदारजींनी अदबीने बिलबुकच पुढे केले आणि एका बिलाच्या पाठीवर भागाकार सुरू झाला. तोवर मी ते जांभळे कापड तर फाडून घेतलेच, वर एक मोरपिशीही घेतले.