त्या गोळ्या बंद करू नका

‘वस्तीतल्या दवाखान्यात सरकार गर्दुल्ल्यांना फुकट नशेच्या गोळ्या वाटतंय. त्यापेक्षा दहा दिवस कोंडा, व्यसन आपोआप सुटतं.’ हा मेसेज फिरत फिरत मावशीच्या फोनवर आला आणि तिनं विचारलं, शेजारच्या मुलाची गोळी थांबवायला सांगू का? नाही. अजिबात नाही.

कोंडण्याचं आधी, कारण त्यानं माणसं मरतात. टर्की, म्हणजे अंगदुखी, जुलाब, उलट्या, उडालेली झोप, आठ-दहा दिवसांत ओसरते हे खरं. पण तेवढ्यात शरीराची सवयही उतरते. सुटल्यावर माणूस जुन्याच मापानं टोचून घेतो आणि श्वास थांबतो. स्वीडनमध्ये हेरॉइनच्या, म्हणजे गर्दच्या, 40 रुग्णांवर झालेला अभ्यास 2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. 20 जणांना वर्षभर रोज 16 मिलिग्रॅम ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे दवाखान्यातली हीच गोळी, दिलं, 20 जणांचं सहा दिवसांत कमी करत बंद केलं. समुपदेशन सगळ्यांना होतं. वर्षअखेर पहिल्या गटातले 75 टक्के उपचारात होते. दुसऱ्यातला एकही टिकला नाही, चौघे तर मेले होते.

‘एक नशा सोडवून दुसरी लावतात.’ गोळी अचानक तोडली तर त्रास होतो, एवढं मान्य. पण ती दिवसभर पुरते आणि माणूस कामावर जातो. शिवाय गर्द अंगात असताना पहिली गोळी दिली, तर तीच टर्की आणते. म्हणून शेवटच्या गर्दनंतर साधारण 12 तास थांबायचं, त्रास सुरू झाला की 2 ते 4 मिलिग्रॅम द्यायचं आणि तास-दोन तास समोर बसवून बघायचं. ‘वाटणं’ असं असतं का?

‘गोळ्या बाहेर विकतात.’ होतं कधीकधी. म्हणूनच ओएसटी केंद्रात, म्हणजे गर्दऐवजी ही गोळी देणाऱ्या दवाखान्यात, नर्स गोळी कुटून जिभेखाली घालते, विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं बसवते, मग तोंड उघडायला लावते. गिळली तर औषध बरंचसं वाया जातं.

‘मोठ्या रुग्णालयात पाठवा.’ रोज? सकाळी आठला नाक्यावर उभा राहणारा मजूर दोन बस बदलून रांग लावणार कधी? दोन दिवस जाईल, तिसऱ्या दिवशी खाडा, चौथ्या दिवशी पुन्हा पुडी. दवाखाना वस्तीतच हवा आणि कामाच्या वेळेआधी उघडायला हवा.

मावशी, त्या मुलाला सांग: आजची गोळी चुकवू नकोस. कमी करायची असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.