शेवटी 'ली' असलेली

आमच्या घरी गणिताचे खाते सौभाग्यवतींनी आधीच पटकावलेले असल्याने इंग्रजी व्याकरण माझ्या वाट्याला येते. सहावीतल्या कन्येला शिकवणीत असे पढवले आहे की, शब्दाच्या शेवटी 'ली' दिसली की डोळे मिटून क्रियाविशेषण म्हणावे. 'स्लोली', 'क्विकली' येथवर सारे सुरळीत चालले. पुढे 'फ्रेंडली', 'लोनली' आणि 'कावर्डली' हे तिघे तेच शेपूट मिरवत आले आणि विशेषणे निघाले; त्यांच्या मागून 'फॅमिली' आणि 'इटली' ही नामे आली. "मग इडली?" असे कन्येने अत्यंत गंभीरपणे विचारले.

या गोंधळाला निदान इतिहास तरी आहे. जुन्या इंग्रजीत विशेषणाला 'लीच' आणि क्रियाविशेषणाला 'लीचे' असे निरनिराळे प्रत्यय लागत. शतकानुशतके झिजून दोन्हींची 'ली' झाली. 'फास्ट' आणि 'हार्ड' यांच्या क्रियाविशेषणांना तर केवळ 'ए' लागे, तोही गळाला आणि ती उघडीच राहिली. 'हार्ड'ला हौसेने 'ली' लावावी, तर 'ही वर्क्स हार्ड' ही शाबासकी 'ही हार्डली वर्क्स' अशी तक्रार होऊन पालकांच्या हाती पडते.

शब्दाच्या तोंडाकडे न पाहता तो वाक्यात कोणाची चाकरी करतो ते पाहावे, असे मी तिला सांगितले. 'डेली' हे दैनिकाचे नाव असेल तर नाम, मजुरीच्या आधी बसले तर विशेषण, आणि आपण ते दैनिक रोज वाचत असू तर क्रियाविशेषण. 'होम' घर असते तेव्हा नाम असते, पण 'ही वेंट होम' म्हणताच ते जाण्याची दिशा सांगू लागते. तिला हे पटलेसे वाटले, म्हणून मी 'द टी टेस्ट्स' लिहून पुढची जागा मोकळी सोडली. 'टेस्ट्स' क्रियापद आहे, या हिशेबाने तिने ठसठशीत अक्षरात 'स्वीटली' लिहिले. गोड चहा आहे, चव लागण्याची क्रिया नव्हे, म्हणून येथे 'स्वीट' हे विशेषणच हवे, हे समजावेपर्यंत माझा चहा गार झाला.

"पुरे आता," स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "पोरगी खाली चांगली खेळत होती, तिला धरून बसवलंस."

"बाबा," कन्येचे डोळे चमकले, "आजीचं 'चांगली' 'ली'वर संपतं, आणि मी कशी खेळत होते ते सांगतं. म्हणजे क्रियाविशेषण ना?"

क्रियाविशेषण अव्यय असते, ते लिंगानुसार बदलत नाही, असे मी ठणकावून सांगणार होतो. पण भाऊ चांगला खेळतो आणि बहीण चांगली खेळते, हे आमच्या घरात कोणीही सांगेल. मी मुकाट्याने तिला पूर्ण गुण दिले आणि आईने इडलीचे भांडे गॅसवर चढवले.