फायबरचा स्विमिंग पूल म्हणजे शेतातली विहीर नव्हे!

हाऊ काय प्रकार शे भाऊ? पाणी जरा हिरवं दिसलं की ब्लीचिंग पावडरची पिशवी फोडायची, थेट पुलात उपडी करायची आणि हात झटकून मोकळं व्हायचं! जळगाव, धुळे, चोपडा, जिकडे बघावं तिकडे फार्महाऊसवर फायबरचे पूल बसले, पण पाणी सांभाळणारे अजून विहिरीत टीसीएल (म्हणजे हीच ब्लीचिंग पावडर) टाकल्यासारखेच वागतात.

फायबरच्या आतल्या अंगाला जेलकोट, म्हणजे गुळगुळीत रंगीत थर असतो, जाडी मिलिमीटरभरही नाही. न विरघळलेली पावडर तळाशी बसली की त्या जागेचा रंग उडतो, आणि तो डाग कितीही घासा, जात नाही. वर त्या पावडरीतला चुना पाण्यातच राहतो. आपलं बोअरचं पाणी आधीच जड, गिझरची कॉइल काढून बघा एकदा. उन्हाळ्यात पाणी उडतं, क्षार मागे उरतात, त्यात आपण पुन्हा बोअरचंच पाणी भरतो आणि वरून चुना. मग पुलाच्या काठाला खरखरीत पांढरा पट्टा येतो आणि शिव्या खातो पूल बसवणारा. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट वापरा ना! १० टक्क्यांचं एक लिटर ५०,००० लिटर पाण्यात सुमारे २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) क्लोरीन देतं, चुना शून्य. फक्त कॅन सावलीत ठेवा आणि महिनाभराचा साठा करू नका, उन्हाने त्याचा जोर जातो.

आणि तो खायचा सोडा! कुणीतरी सांगतं "आधी सोडा टाका", की निघाले पाच किलो घेऊन. अरे, सोडा अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची ॲसिड पचवायची ताकद, वाढवायला असतो. ती हवी ८० ते १२० पीपीएम. बोअरच्या पाण्यात ती मुळातच ३०० असेल तर सोडा कशाला? अल्कलिनिटी जास्त असली की पीएच रोज वर चढणारच, क्लोरीन मंद पडणारच. तिथे ॲसिड लागतं. बाजारातलं ३० टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोक्लोरिक ॲसिड ५०,००० लिटरला एक लिटर टाकलं की अल्कलिनिटी साधारण १० ने उतरते. एका वेळी एवढंच. आधी बादलीत पाणी, मग त्यात ॲसिड, उलटं कधीच नाही. पंप चालू ठेवून खोल बाजूला, भिंतीपासून लांब, हळूहळू ओता. पीएच ७.२ च्या खाली सरकायला लागला की थांबा, रिटर्नची (पंपाचं पाणी पुलात परत येतं ती) तोंडं वर फिरवा, पाणी उसळू द्या. हवेने पीएच वर येतो, अल्कलिनिटी मात्र उतरलेलीच राहते. मग पुढचा डोस. याला दिवस लागतात. एका रात्रीत उरकायला गेलात तर जेलकोट खडूसारखा होईल.

मोरचूद तर बघवत नाही. फवारणीचं घरात पडलेलं असतं म्हणून ओततात. शेवाळ मरतं खरं, पण पीएच चढला की मोरचूदातलं तांबं भिंतीवर बसतं, हिरवट-निळे डाग धरतात.

क्लोरीनच्या गोळ्यांनी तर आळशांची सोयच केली. प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे ती गोळी ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड सोडते. आपल्या उन्हात ते ३० ते ५० हवंच, नाहीतर सकाळचं क्लोरीन दुपारपर्यंत संपतं. पण वर्षभर गोळ्याच टाकल्या की शंभरच्या पुढे जातं आणि क्लोरीनलाच बांधून ठेवतं. मग पाणी तपासायच्या कीटमध्ये क्लोरीन भरपूर आणि भिंतीला शेवाळ! त्यावर उपाय पाणी बदलण्याचा, म्हणून लगेच पूल रिकामा करतात. पावसाळ्यात, काळ्या मातीत! भिजलेली माती फुगून भिंत आत ढकलते, खालचं पाणी तळ उचलतं, शेल, म्हणजे पुलाचं फायबरचं भांडं, तडकतो. एका वेळी फूटभर पाणी काढा, भरा, पुन्हा मोजा. सगळं कधीच काढू नका.

मोजा म्हटलं की पाणी पिवळं करणाऱ्या थेंबांची ती बाटली पुढे येते. ती एकूण क्लोरीन दाखवते, त्यातलं कामाचं किती ते नाही. डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो, तेव्हा लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं आणि बंद करतात. तो वास घाम-लघवीशी जुळलेल्या क्लोरीनचा असतो! जुळलेलं जितकं, त्याच्या दहापट क्लोरीन एकदम द्यावं लागतं, तेव्हा तो मोडतो. त्यासाठी मोकळं आणि जुळलेलं क्लोरीन वेगळं दाखवणारा डीपीडीचा कीट घ्या. ब्लीचिंगच्या पोत्यांना पैसे आहेत, कीटला नाहीत?