आधी एक जिल्हा तरी धरा

तुमच्या लेखात म्हटलंय की तुमच्या नव्या बुकिंग अॅपने पहिल्या दिवसापासून सगळ्या भारतातली सुट्टीची घरं दाखवावीत. इथंच गाडी रुतते भाऊ. २००८ मध्ये सुरू झालेल्या, लोकांची घरं मुक्कामाला मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचे संस्थापकसुद्धा सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये दारोदार फिरून यजमानांच्या घरांचे फोटो काढत होते, तेव्हा कुठं बुकिंग वाढलं.

आमच्या खान्देशात या ना! सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरला की खोली शोधताना नाकी नऊ येतात. यात्रा उठली की त्याच खोल्यांना कुलूप. हा हंगाम जो सांभाळेल, त्याला अॅपच्या गर्दीतही जागा आहे.

माझ्या मेहुण्याच्या तोरणमाळच्या दोन खोल्या दोन अॅपवर आहेत. एका शनिवारी रेंज गेली, एकावर बुकिंग झाल्यावर दुसऱ्यावर ती तारीख बंद करता आली नाही, आणि संध्याकाळी एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं दारात, दोघांकडे पावती! एकांना घरातच झोपवलं. भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन ते खूश होते म्हणून निभावलं. (रेटिंग पाच मिळालं, ते वेगळं.)

तुमच्या अॅपात साध्या फोनवरून, नेटशिवाय तारीख बंद करता येईल का? तेवढं सांगा, मेहुण्याला आजच कळवतो.