जीपीएस घड्याळ तुमच्यासाठी मदत बोलावत नाही

माझ्या मामेभावाने नवीन जीपीएस घड्याळ घेतलंय आणि आता तो भर पावसात एकटा सायकलवर ताम्हिणीतून माणगावला उतरणार आहे. जाऊ दे की, एकटे जाणारे खूप आहेत. मला त्रास याचा होतोय की मामी एकदम निवांत आहे. का, तर तिच्या भजनाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, "जीपीएस घड्याळवाल्यांनी वाचाच", त्यात लिहिलंय की हे घड्याळ सतत उपग्रहाच्या संपर्कात असतं, माणूस पडला किंवा जंगलात हरवला की उपग्रहाला आपोआप कळतं आणि बचाव पथकाला लोकेशन जातं, त्यामुळे घरच्यांनी निश्चिंत राहावं. तोच मेसेज मग ऑफिसच्या ग्रुपवर आला, ट्रेकच्या ग्रुपवरही आला. पाच मुद्दे आहेत त्यात. चार नुसते चुकीचे किंवा अर्धवट आहेत, हा पाचवा कुणाचातरी जीव घेईल, म्हणून आधी तोच.

जीपीएस घड्याळ जीपीएसच्या उपग्रहाला काहीही पाठवत नाही. काहीही म्हणजे काहीही नाही. हे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर वरून फिरतात आणि आपली जागा आणि अचूक वेळ रेडिओवरून सतत खाली सांगत राहतात. घड्याळ किमान चार उपग्रहांचं ऐकतं, कुणाचा सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून हिशोब करतं आणि आपण कुठे आहोत ते ठरवतं. तुम्ही घरी विविध भारती लावलीत तर ते स्टुडिओतल्या माणसाला कळतं का? तसंच हे. तुम्ही दरीत पडलात हे उपग्रहाला कळायचा मार्गच नाही.

मग पडल्यावर मेसेज जातो तो कसा? जातो, बऱ्याच घड्याळांत ती सोय आहे आणि चांगली आहे. पण तो जातो खिशातल्या फोनवरून, मोबाइलच्या नेटवर्कवरून, नाहीतर घड्याळातच सिम असेल तर त्याच्या नेटवर्कवरून, आणि बहुतेक वेळा जातो तुम्ही आधी भरून ठेवलेल्या नंबरांवर. ते भरलेच नसतील तर? फोन पडून फुटला असेल तर? ताम्हिणीत रेंज कुठे कुठे जाते ते तिथून गेलेल्या कुणालाही विचारा. घरबसल्या नकाशावर ठिपका सरकताना दिसतो तेही फोनच्याच इंटरनेटवर, रेंज गेली की ठिपका थांबतो आणि घरच्यांना वाटतं पोरगा चहाला थांबलाय.

एक गोष्ट मान्य करते, २०२५ मध्ये ॲपल आणि गार्मिनने खरोखर उपग्रहावरून मेसेज पाठवणारी महागडी मॉडेल्स काढलीत. त्यासाठीचे उपग्रह जीपीएसचे नव्हेत, वेगळे आहेत, आणि मी हे लिहितेय तोवर ती सेवा भारतात मिळत नाही. मामेभावाचं घड्याळ त्यातलं नाहीच.

आणि सह्याद्रीत शोधायला कोण जातं? गावातली माणसं आणि स्वखर्चाने धावणारे ट्रेकर्स. कुणीतरी सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? म्हणून निघण्याआधी घरी सांगायचं, कुठल्या रस्त्याने जातोय, कुठे थांबणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधायला लागा. ११२ नंबर घरच्यांनाही पाठ हवा. घड्याळाचा खरा उपयोग आहे तो आलेल्या वाटेने परत नेण्यात, धुक्यात तो मोलाचा आहे, पण कड्याखाली किंवा नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, आकाश थोडंसंच दिसतं, सिग्नल कातळावर आपटून येतो आणि घड्याळावरची वाटेची रेघ भलतीकडे उडी मारते, तेव्हा तिथे त्या रेघेवर डोळे मिटून पाऊल टाकू नका.

आता बाकीचे. "उपग्रहाच्या रेडिएशनने हृदयाचे ठोके बिघडतात." अहो, तो सिग्नल घड्याळ काढून ठेवलं तरी अंगावर पडतोच, तुमच्या, माझ्या, गोठ्यातल्या म्हशीच्याही, आणि इतका क्षीण असतो की घरात स्लॅबखाली नीट मिळत नाही. ब्लूटूथ घड्याळातून बाहेर जातं हे खरं, पण ते कानातल्या वायरलेस इअरफोनमधूनही जातं. मागचा हिरवा दिवा नाडी मोजायला असतो, साधा प्रकाश आहे तो.

"इंटरनेट नसेल तर जीपीएस बंद." चूक. फोन घरी ठेवून राइड करा, पूर्ण ट्रॅक मिळेल. बरेच दिवस फोनला जोडलं नसेल तर सुरुवातीला उपग्रह सापडायला वेळ लागतो, एवढंच.

"गोव्याच्या विमानतळावर जीपीएस घड्याळासाठी अटक झाली, भारतात बंदी आहे." यात अर्धं खरं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनडियन धावपटूला अडवलं होतं, पण तिच्याकडे उपग्रहावरून मेसेज पाठवणारं वेगळं यंत्र होतं, तसं यंत्र परवान्याशिवाय आपल्याकडे चालत नाही. नुसतं ऐकणारं घड्याळ दुकानात बिलासकट मिळतं. मेसेज लिहिणाऱ्याला ऐकणं आणि पाठवणं यातला फरकच माहीत नाही, म्हणून तो एका मुद्द्यात घड्याळावर बंदी आहे म्हणतो आणि दुसऱ्यात तेच घड्याळ जीव वाचवेल म्हणतो.

शेवटचा, "घड्याळात जेवढ्या कॅलरी जळल्या तेवढं बिनधास्त खा, शुगरवाल्यांनीही." २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली, त्यांना चालायला, पळायला, सायकल मारायला लावलं. ठोके सातपैकी सहांनी बरे मोजले, चूक ५ टक्क्यांच्या आत. कॅलरीत मात्र एकही धड नाही, सगळ्यात चांगल्याची सरासरी चूक २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३. नंतर घड्याळं सुधारली असतीलही, तरी डायबिटिस असलेल्या माणसाने त्या आकड्यावर ना जेवण ठरवावं ना इन्सुलिनचा डोस, ते डॉक्टरांना विचारून आणि ग्लुकोमीटर बघूनच.