गेजसमोरच्या पाऊण तासाबद्दल : आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुलैमध्ये मालवणला आमच्या वर्कशॉपमध्ये झालेल्या रेग्युलेटर (पाण्याखाली सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारे डाइव्हिंगचे यंत्र) सर्व्हिसिंगच्या दोन दिवसांच्या वर्गासाठी आपण भर पावसात पुण्याहून आलात, आणि परत गेल्यावर दोन तारे देऊन जो अभिप्राय लिहिलात तो मी तीन-चार वेळा वाचला. दुसऱ्या दिवशी वर्ग दोन तास उशिरा सुरू झाला, चौघांत मिळून एकच गेज (दाब दाखवणारे काट्याचे मापक) होते आणि बाकावर जागा अपुरी पडली, या आपल्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत व त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. त्या सकाळी वीज गेली होती आणि सुटे भाग धुण्याचे अल्ट्रासॉनिक मशीन विजेवाचून चालत नाही. परंतु पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते हे आम्हाला ठाऊक असते, तेव्हा सोय आधीच करून ठेवायला हवी होती.

मात्र "शेवटचा पाऊण तास आम्हाला नुसते एका काट्याकडे बघत बसवले आणि वर माझे रेग्युलेटर अडकवून ठेवले" हे आपले वाक्य मला फार लागले. त्या पाऊण तासात नेमके काय चालले होते हे इथे लिहिले नाही, तर वाचणाऱ्याला वाटेल की शिकवण्यासारखे संपले म्हणून आम्ही वेळ काढत होतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो. फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरला जोडलेला भाग, तो उतरवून साडेनऊ-दहा बारच्या आसपास आणते, आणि तिथून पुढे सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, माणसाला श्वासापुरती हवा देते. हा मधला दाब एकदा बसला की तो तिथेच थांबला पाहिजे. आपण आपली फर्स्ट स्टेज जोडून सिलिंडर उघडलात तेव्हा काटा साडेनऊवर आला. पर्जचे (हवा सोडण्याचे) बटण दाबले की खाली येत होता, सोडले की झटकन जागेवर जात होता, आणि आपल्याला वाटले की काम झाले. इथवर मलाही ठीकच वाटत होते. नवी सीट (हवा अडवणारी झडपेतली मऊ गादी) बसायला थोडा वेळ घेते हे धरून मी आपल्याला आठ-दहा वेळा पर्ज करायला सांगितले, गेजच्या काचेवर मार्करने एक रेघ ओढली आणि थांबायला सांगितले. बाकी तिघांच्या पाळीला काटा रेघेवरून हलला नव्हता. आपला काटा दहा मिनिटांत अकराच्या पुढे गेला. मी सगळे सोडून पुन्हा लावले, तरी तेच. याचा अर्थ सीट आणि ऑरिफिस (ती जिथे टेकते ते हवेचे छिद्र) यांच्यामधून हवा झिरपत होती. ते कानाला ऐकू येत नाही आणि पाण्यात धरले तरी सुरुवातीला बुडबुडा दिसत नाही; ते फक्त त्या काट्यावर कळते, आणि तेही थांबले तरच. रेग्युलेटर खोलणे आणि जोडणे हात सरावला की कोणालाही जमते. थांबून काटा बघणे हाच या वर्गातला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे असे मी आजही मानतो.

असे रेग्युलेटर तसेच दिले असते तर काय झाले असते, हेही सांगतो. दाब चढत जातो आणि शेवटी सेकंड स्टेज आपोआप उघडून तोंडात हवा धोधो सुटते. आपल्यासारखा सराव झालेला माणूस ते सांभाळून वर येईल. पण आमच्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ जे पर्यटक उतरतात, त्यांतले पुष्कळजण आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली गेलेले असतात. असा माणूस घाबरून श्वास कोंडून वर झेपावला, तर दहा मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागाशी येईपर्यंत दुप्पट होते आणि फुप्फुसाला इजा होते. वर्गात बसलेल्या बाकीच्या तिघांपैकी दोघे अशा पर्यटकांना नेणाऱ्या बोटींवरच काम करतात. हंगामात त्यांची रेग्युलेटर दिवसातून सहा-सात वेळा पाण्यात जातात, म्हणजे पुष्कळ कंपन्या वर्षाला किंवा १०० डाइव्हनंतर जी सर्व्हिस सांगतात, तो आकडा त्यांचा पंधरा-वीस दिवसांत भरतो. त्यांच्यासमोर चढता काटा "चालेल" म्हणून सोडून देणे मला शक्य नव्हते.

पुढचे चारचौघांत लिहावे असे मनात नव्हते, पण "त्यांच्याच किटमध्ये (बदलायच्या सुट्या भागांच्या संचात) दोष होता" असेही आपण लिहिले आहे, म्हणून लिहितो. ओ-रिंग (हवा गळू न देणारे रबरी कडे) काढायला प्रत्येकाला पितळी टोकाची सळई दिली होती, आणि पोलादी सुई पितळेला चरा पाडते म्हणून ती वापरू नये असे पहिल्याच तासाला सांगितले होते. पितळेवर कळंक (गंजासारखा थर) घट्ट बसला होता म्हणून आपण आपल्या पेटीतली पोलादी सुई घेतलीत. मी दोनदा हटकले. नंतर भिंगाखाली पाहिले तेव्हा ऑरिफिसच्या कडेवर केसाएवढा चरा होता, आणि तो मी आपल्यालाही दाखवला होता. शिकताना असे होते, माझ्या हातूनही पूर्वी झाले आहे, आणि म्हणूनच मी तेव्हा एका शब्दाने दोष दिला नाही. आपल्याला कुडाळहून संध्याकाळची गाडी गाठायची होती, त्या मॉडेलचा ऑरिफिस माझ्याकडे नव्हता, आणि आपणच "मग राहू दे इथे" म्हणून निघालात. ते अडकवून ठेवणे नव्हे.

प्रमाणपत्राविषयी एवढेच, की हे कोणत्याही कंपनीचे अधिकृत तंत्रज्ञ म्हणून मिळणारे प्रमाणपत्र नाही, हे माहितीपत्रकात पहिल्या परिच्छेदात छापले आहे. प्रत्येक कंपनी आपल्या मॉडेलचे शिक्षण आणि किट आपल्या पद्धतीने देते. नऊ हजार पाचशे रुपयांत दोन्ही दिवसांचे जेवण, एक किट आणि लागेल तेवढे ग्रीस धरले होते; आपल्यासाठी सीट बदलून पाहायला दुसरे किट फोडले, त्याचे पैसे मी मागितलेले नाहीत.

हे सगळे इतके लांबवण्याचे कारण असे, की ऑगस्ट-सप्टेंबर हेच आमचे कमाईचे दिवस. हंगाम सुरू होण्याआधी डाइव्हिंगवाले आपापली रेग्युलेटर पेट्या भरून आणून देतात. आपला अभिप्राय वाचून गेली सहा वर्षे काम देणाऱ्या एकाने परवा फोन केला आणि "तुमच्याकडे किट डुप्लिकेट असतात का" असे विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर देताना माझा आवाज नीट फुटेना. माझ्याकडे कामाला असलेल्या दोघा मुलांची घरे याच कामावर चालतात. आपण लिहूच नये असे माझे म्हणणे नाही. जेवढे खरे आहे तेवढे जरूर ठेवावे, पण किटबद्दलचे वाक्य कृपया पुन्हा एकदा तपासून पाहावे.

पुढच्या वर्गापर्यंत इन्व्हर्टरचे काही जमवतो आहोत, गेजही आणखी एखादे घेण्याचा विचार आहे, आणि शेवटच्या चाचणीला पुरेसा वेळ मिळावा म्हणून वेळापत्रकातही थोडा बदल करू.

आपल्या रेग्युलेटरला नवा ऑरिफिस मागच्या आठवड्यात बसवला. रात्रभर सिलिंडरला लावून ठेवले होते आणि सकाळी काटा मार्करच्या रेघेवरच होता. काचेचा फोटो काढून ठेवला आहे. त्या भागाचे पैसे देऊ नयेत. आपण पत्ता कळवलात की रेग्युलेटर नीट बांधून पाठवतो.

आपला,
वर्कशॉपचा मालक, मालवण